कण्या कुठून आल्या

आदिलाबादेत बसस्टँडकडून येणाऱ्या रस्त्यावर काचेच्या दाराचं एक मोठं दुकान झालं आहे. आत शिरताना माणूस आपोआप पाय पुसतो, असं ते दुकान आहे. मागच्या वर्षी तिथे बदाम आणि ओट्स यांच्या मधल्या फळीवर मला कण्या दिसल्या. छान पाकिटात होत्या. पाकिटावर एका सडपातळ बाईचा फोटो होता. तिने ज्वारीचं कणीस जन्मात पाहिलं नसावं, पण हसत अशी होती की आत्ताच खळ्यावरून आली आहे. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की हे आपल्या पूर्वजांचं अन्न आहे. कोणाच्या पूर्वजांचं, ते लिहिलं नव्हतं. माझ्या पूर्वजांचं होतं हे मला पक्कं माहीत आहे. दुकानदाराच्या पूर्वजांनी ते कधी तोंडात घातलं असेल, तर मी नोकरीचा राजीनामा देते.

ज्यांना कण्या माहीत नाहीत, म्हणजे ज्यांचं बालपण बरं गेलं, त्यांच्यासाठी सांगते. जात्यावर ज्वारी दळली आणि चाळली की पीठ खाली पडतं. जे दाणे अर्धवट फुटले, रव्याहून जाड राहिले, ते चाळणीतच राहतात. त्या कण्या. पाखडून कोंडा काढायचा, उकळत्या पाण्यात मीठ टाकून शिजवायच्या आणि भातासारख्या वाढायच्या. वर ताक असलं तर ताक, नसलं तर अंबाडीच्या भाजीचं पाणी, तेही नसलं तर नुसतं वाफेकडे बघत खायच्या. आमच्याकडचे तेलुगू लोकही थोडंफार असंच करतात आणि त्याला गटका म्हणतात. मूळ पदार्थ कोणाचा, यावर मी शाळेत तेलुगूच्या शिक्षिकेशी एकदा मधली सुट्टी संपेपर्यंत भांडले होते. भांडताना दोघींच्याही डब्यात पोळ्या होत्या.

मी सरकारी शाळेत मराठी माध्यमाच्या वर्गांना मराठी शिकवते. तेलंगणात राहून मराठी शिकवायची म्हणजे रोज सकाळी आपण अजून आहोत याची हजेरी लावायची. त्यामुळे असेल, पण मला एक खोड लागली आहे. कुठलाही शब्द दिसला की त्याचं मूळ शोधायचं. घरी भाजी निवडायला बसले तरी मी भाजीचं कूळ सांगते. मुलं आता मोठी होऊन बाहेरगावी गेली, त्यामागे नोकरी हे कारण सांगतात, पण मला शंका आहे. नवरा तहसील कार्यालयात कारकून आहे. निजामाचं राज्य जाऊन किती वर्षं झाली, पण यांच्या बोलण्यातून ते अजून गेलेलं नाही. फाईलला हे अजून मिसल म्हणतात. मी शब्दाचं मूळ सांगू लागले की म्हणतात, "मिसल दाखल करून ठेव, सवडीनं पाहू."

आणि तिसरी आमच्या घरात माझी आई. तिला आम्ही माय म्हणतो. वडील गेल्यापासून ती माझ्याकडे असते. इंद्रवेल्लीच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात तिने जन्मभर दुसऱ्याच्या शेतात आणि दुसऱ्याच्या घरात काम केलं. आता तिला काम नाही, त्याचा तिला रागही नाही. तिला फक्त भात लागतो. सकाळी भात, संध्याकाळी भात, आणि मधेच भूक लागली तर थोडासा भात. आमच्या लहानपणी भात म्हणजे सण होता. नंतर रेशनचा तांदूळ आला, आणि माझ्या आईने जे सण राहून गेले होते ते सगळे एकामागून एक वसूल करायला सुरुवात केली. मी तिला कधी अडवलं नाही. साखर निघाली तेव्हाही नाही, कारण गोळी चालू होती आणि ती म्हणायची, गोळीवर माझा भरवसा हाये.

मग तिच्या उजव्या पायाला, करंगळीच्या शेजारच्या बोटाला, नवी चप्पल लागली. फोड आला, फुटला, आणि भरेचना. दवाखान्यातले डॉक्टर तरुण आहेत, तेलुगू आहेत, आणि म्हाताऱ्या बायकांशी फार गोड बोलतात. त्यांनी बोट पाहिलं आणि गोड बोलणं थांबवलं. म्हणाले, "अम्मा, अन्नम बंद. पूर्ण बंद. ज्वारी खा, ज्वारीचा रवा शिजवून खा. साखर उतरली नाही तर हे बोट काढावं लागेल, आणि तेवढ्यावर भागलं तर नशीब." तेलुगूत अन्नम म्हणजे भात. माय सगळ्याला मान हलवत "सरे, सरे" म्हणाली, आणि घरी आल्यावर शेजारणीला तिने सांगितलं की डॉक्टरानं माझं अन्न तोडलं. शेजारीण डॉक्टरांना शिव्या देऊन गेली.

त्या संध्याकाळी मी काचेच्या दुकानात जाऊन ते पाकीट आणलं. सडपातळ बाई आमच्या स्वयंपाकघरात आली. मी कण्या शिजवल्या, वर ताक घातलं, हिंग-जिऱ्याची फोडणी दिली, कोथिंबीरसुद्धा टाकली. आमच्या जुन्या घरात कण्यांवर कोथिंबीर पडली असती तर लोकांनी लग्न आहे का म्हणून विचारलं असतं. मायसमोर ताट ठेवलं. तिने एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि ताट बोटाने थोडं पुढे सरकवलं.

"नको," ती म्हणाली.

"माय, डॉक्टरांनी सांगितलंय."

"ऐकलं म्या. भात दे."

आता कुठल्याही शहाण्या माणसाने या ठिकाणी काय केलं असतं ते मला माहीत नाही, कारण मी शहाणी नाही, मी शिक्षिका आहे. मी समजावलं. मी तिला सांगितलं की कण्या या शब्दात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही. कण हा मूळचा संस्कृत शब्द आहे. जुन्या काळी एक ऋषी शेतात पडलेले कण वेचून खायचे आणि त्यांचं नावच त्यावरून पडलं, असं सांगतात. म्हणजे बघ, हे ऋषींचं अन्न आहे. माय शांतपणे ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "त्या ऋषीले साखर होती का?"

मी भात वाढला.

पुढचे तीन महिने आमच्या घरात कण्यांचा अभ्यासवर्ग चालला. सकाळी चहाबरोबर मी पोषणमूल्य सांगायचे, संध्याकाळी व्युत्पत्ती. रविवारी जास्तीचा तास. कणीस, कणी, कणिक, कणगी ही सगळी या एका शब्दाची भावंडं आहेत, कणगीबद्दल विद्वानांत वाद असेल पण माझा नाही, हे मी तिला जखमेवर पट्टी बांधताना सांगितलं आहे. मधे मधे मी प्रयोगही केले. कण्यांची खिचडी केली, कण्यांचे वडे केले, एकदा भातातच अर्ध्या कण्या मिसळल्या. मायने त्या एक एक करून ताटाच्या कडेला काढून ठेवल्या. सत्तरी उलटलेल्या बाईची नजर सुईत दोरा ओवायला चालत नव्हती, पण भातातल्या कण्या तिला बरोबर दिसल्या.

हे रोज कार्यालयातून आल्यावर विचारायचे, "हुकुमाची तामील झाली का?"

"नाही."

"मग पुन्हा नोटीस काढ."

मी पुन्हा नोटीस काढायचे. साखर जिथल्या तिथे होती आणि बोट दर आठवड्याला थोडं अधिक गडद दिसत होतं. मला भीती वाटत होती. हे स्पष्ट लिहिते, कारण तेव्हा मी ती कोणाला दाखवली नाही. भीती वाटली की मी आणखी जोरात शिकवते.

इथे मला माझ्या दुसऱ्या एका पराक्रमाबद्दल सांगणं भाग आहे. आमच्या वस्तीतल्या विहारात दरवर्षी कार्यक्रम असतो आणि दरवर्षी माझं भाषण असतं. सरकारी नोकरीतली बाई, शुद्ध मराठी, आवाज चांगला, त्यामुळे माझ्या नावाला कोणी विरोध करत नाही. भाषणात शेवटी मी माझ्या आईबद्दल बोलते. वाक्य ठरलेलं आहे. "पाटलीणबाईंनी दिलेल्या उरल्यासुरल्या कण्यांवर या माउलीनं आम्हा लेकरांना वाढवलं." इथे मी थांबते. किती थांबायचं तेही ठरलेलं आहे. पहिल्या रांगेतल्या बायका पदर डोळ्याला लावतात, मागच्या रांगेत कोणीतरी नाक ओढतं, मग मी आवाज थोडा खाली आणून पुढचं वाक्य घेते. माय दरवर्षी पहिल्या रांगेत पांढरं लुगडं नेसून बसलेली असते. लोक वळून तिच्याकडे पाहतात. ती समोर पाहत असते. मला वाटायचं, भरून आलं असेल तिला.

तर त्याच सुमारास शाळेत वरून पत्रक आलं की भरडधान्याचा दिवस साजरा करा. ज्या धान्याला आमच्याकडे कालपर्यंत गरिबाचं म्हणत होते, त्याला आता दिवस मिळाला होता. आमचे मुख्याध्यापक मला म्हणाले, "मॅडम, आप का तो मास्टरी है. पाच मिनट बोल देना, ये कण्या शब्द कहां से आया. बच्चों को कल्चर मालूम होना." मुलांना त्या दिवशी दुपारच्या जेवणात कण्या मिळणार होत्या. मुलांना कल्चर मालूम होण्याआधी अंडं पाहिजे होतं, पण ते कोणी विचारलं नाही.

मी जोरात तयारीला लागले. आदल्या रविवारी दुपारी पुढच्या खोलीत उभी राहून भाषणाची तालीम करत होते. माय खाटेवर बसली होती, दुखरा पाय उशीवर, मांडीत सूप, सुपात अंबाडी. पानं खुडत होती. मी संस्कृतपासून सुरुवात केली, ऋषींना दोन वाक्यं दिली, मग प्राकृतातून मराठीत आले, आणि शेवटी हुकमी भागावर पोचले.

"आणि बालमित्रांनो, माझ्या स्वतःच्या आईनं पाटलीणबाईंनी दिलेल्या उरल्यासुरल्या कण्यांवर..."

"दिल्या नाई," माय म्हणाली.

मी थांबले. ही थांबायची जागा नव्हती.

"काय नाही?"

"कोणी दिल्या नाई त्या. म्या पाडल्या." तिने एक पान खुडलं आणि देठ बाजूला टाकला. "इतके वर्सं झाले आयकून राह्यलो. दिल्या, दिल्या. पाटलीण जिवंत असती तर तिले बी नवल वाटलं असतं, म्या कवा दिल्या म्हून."

मी खुर्चीवर बसले. तिने मग जे सांगितलं ते सलग सांगितलं नाही. मधे अंबाडीतली अळी सापडली, मधे शेजारीण डोकावून गेली. पण सगळं मिळून ते असं होतं.

पाटलाच्या घरी दळणाला बाई लावायची एक चाल होती. दळणाचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत. दळून, चाळून पीठ घरात द्यायचं, आणि चाळणीत वर जे राहील ते दळणारीचं. ही चाल कोणी घातली कोणास ठाऊक, पण ज्याने घातली त्याला जातं कधी ओढावं लागलं नसणार. कारण जातं चांगलं असेल आणि दळणारी नीट दळत असेल, तर वर काय राहतं? मूठभर कण्या आणि कोंडा. म्हणजे बाई जेवढं चांगलं काम करेल तेवढी तिची पोरं उपाशी राहतील, अशी ती सोय होती.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. मी वाईट काम करायले शिकली."

तिने सूप खाली ठेवलं आणि मला हाताने दाखवलं. जात्याच्या तोंडात दाण्याचा जो घास घालतात, तो लहान घातला की पीठ बारीक पडतं. घास मोठा घातला आणि पाळू, म्हणजे जात्याचा वरचा दगड, हलकी, पटपट फिरवली, की दाणा नुसता फुटून बाहेर येतो. पण सगळेच घास मोठे घातले तर चोरी उघडी पडते. म्हणून चार घास लहान, पाचवा मोठा. पाटलीण जवळ येऊन उभी राहिली की सगळे लहान. ती देवघराकडे वळली की दोन मोठे. पीठ चिमटीत धरून पाहण्याची पाटलिणीला सवय होती, पण ती नेहमी पिठाच्या ढिगाच्या वरचं पाहायची. म्हणून शेवटचे दहा घास नेहमी बारीक.

"माणूस वरचंच पाह्यते," माय म्हणाली. "खालचं कोण उकरते?"

कण्या जास्त पडू लागल्या हे पाटलिणीच्या लक्षात आलं नाही असं नाही. आलं. पण दळणारी बाई डोकं चालवत असेल ही शक्यता त्या घरात कोणाच्या मनात यायची नाही. तिने दोष जात्याला दिला. टाकीवाला बोलावून जात्याला छिन्नीने टाकी लावून घेतली. दगड पुन्हा खरबरीत झाला. माय आणखी मोठा घास घालू लागली. पुन्हा टाकीवाला. दोन-तीन वर्षांत त्या जात्याला इतक्यांदा टाकी लागली की वरची पाळू झिजून पातळ झाली. मग पाटलीण म्हणायला लागली की या सालची ज्वारीच कडक आहे. मग म्हणाली, नवं वाणच असं आहे. माय म्हणायची, "हो बाई, लई कडक." पाटलीण तिला म्हणायची, तुझा हात दुखत असेल. माय म्हणायची, "दुखते न बाई."

मी हसायला लागले. मला हसू आवरेना. माझी आई, जिला मी तीस वर्षं स्टेजवरून माउली केलं होतं, जिच्या नावावर बायकांना रडवलं होतं, ती बाई पाटलाच्या ओसरीवर बसून एक अख्खं जातं झिजवत होती.

"एक डाव तिनं धरलं होतं," माय म्हणाली, आणि तिचा आवाज जरा बदलला. "स्वोता समोर बसली. खुंट्याले हात लावला, म्हणे मी बी ओढतो, पाहू कसं होते. सगळं दळण होईस्तोवर उठली नाई. बारीक, मैद्यावाणी पीठ पडलं. वर कण्या निघाल्या ओंजळभर. त्या दिशी तुमाले पाणी लावून पाजल्या. तू म्हणे, माय, आज पातळ काऊन? तू पाच-सा वर्साची असशील. मी काय सांगू? म्हटलं, ताप येऊन राह्यला गावात, पातळच खा लागते."

मला तो दिवस आठवत नाही. मला सगळे दिवस जाड, पोटभर कण्यांचे आठवतात. मी त्यालाच उरलंसुरलं म्हणत आले.

पुढे गावात इंजिनची गिरणी आली, पाटलाचं दळण गिरणीवर जाऊ लागलं आणि ती चाल संपली. पाटलिणीने मायला सांगितलं की आता तुझ्या हाताला आराम. माय म्हणते, इतका राग मला जन्मात कोणाचा आला नाही.

"मग तू मला कधी सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. "मी दरवर्षी तिथे उभी राहून..."

"तू लोकाईले इतकं चांगलं रडवत होती," माय म्हणाली. "म्हटलं, काऊन मोडा?"

हे तिने टोमणा म्हणून म्हटलं की खरंच, ते मला आजही सांगता येत नाही. पण मला ते जे लागायचं ते लागलं. विहारातल्या त्या सगळ्या भाषणांत, पहिल्या रांगेत बसून, समोर पाहत, ती काय ऐकत होती ते मला तेव्हा कळलं. दुसऱ्याने दिलेलं खाऊन जगलेली एक बाई. तिच्या लेकीने, मास्तरीण झालेल्या लेकीने, माईकवरून, सगळ्या वस्तीसमोर तिला ते करून टाकलं होतं. पाटलिणीलाही ते जमलं नव्हतं.

मग मी विचारलं, "माय, एवढ्या हुशारीनं मिळवलेल्या कण्या, मग आता का खात नाहीस?"

तिने पुन्हा सूप मांडीवर घेतलं.

"तवा पाडत होतो म्हून खात होतो," ती म्हणाली. "आता डॉक्टर म्हणते खा. जावाई म्हणते खा. तू पाकिटात आणतं, वरून वाढतं, उभी राहून पाह्यतं गिळते का नाई. दिलेल्या कण्या म्या कदी खाल्ल्या नाई, बाई. आता म्हातारपणी सुरू करू का?"



सोमवारी मी शाळेतून रजा घेतली. भाषण तेलुगूच्या शिक्षिकेने दिलं, गटका या शब्दावर, आणि चांगलं दिलं म्हणतात. मी बाजारातून ज्वारी आणली, मायला रिक्षात बसवलं आणि गिरणीवर घेऊन गेले. गिरणीवाल्याला तिने सांगितलं की पाट सैल कर. तो म्हणाला, "मावशी, एवढं सैल केलं तर जाड निघेल, भाकर थापता येणार नाही." माय म्हणाली, "भाकर कोणाले पायजे?" त्याने सैल केलं. तिने पडणाऱ्या धारेखाली हात धरला, चिमटीत घेतलं, चोळलं, म्हणाली, "अजून." त्याने अजून सैल केलं. तिने पुन्हा चोळलं. शेजारी डबे घेऊन उभ्या असलेल्या बायका पाहत होत्या. माझी आई एका पायावर भार देऊन, पट्टी बांधलेला पाय वर उचलून उभी होती आणि गिरणीवाल्याला हुकूम देत होती. तिसऱ्यांदा तिने चिमूट चोळली आणि मान हलवली. घरी येऊन तिने स्वतः चाळलं, पाखडलं, शिजवलं. मला चुलीजवळ येऊ दिलं नाही, म्हणजे गॅसजवळ. ताटात घेतल्या, वर ताक ओतलं, आणि बसून खाल्ल्या. कोथिंबीर नको म्हणाली.

त्या दिवसापासून तिने भात सोडला. मी भाषण सोडलं. घर फार शांत झालं. यांनी दोन दिवस वाट पाहून विचारलं, "तामील झाली?" मी म्हटलं, "झाली." ते म्हणाले, "पाहा, नोटिशीचा असर होतोच."

साखर उतरली. खरंच उतरली, डॉक्टरांना कागद पाहून बरं वाटलं. पण बोट तीन महिने वाट पाहून थकलं होतं. दोन आठवड्यांनी ते काळं पडलं, मग वास येऊ लागला, आणि डॉक्टर म्हणाले की आता ते ठेवलं तर पाय जाईल.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ते खाटेजवळ आले. हातात सगळे कागद होते. साखरेचे आकडे खाली उतरलेले त्यांनी पाहिले, मग तारखा पाहिल्या. हे आधीच झालं असतं तर बोट वाचलं असतं, असं ते तेलुगूत म्हणाले. रागाने नाही, हळहळून म्हणाले. मग त्यांनी विचारलं की एवढा उशीर का झाला, घरात कोणी सांगितलं नाही का. आणि माझ्याकडे पाहिलं.

मी तोंड उघडण्याआधी माय बोलली. तिची तेलुगू बाजारातली आहे, मोडकी आहे, पण डॉक्टरांना कळेल एवढी आहे. तिने माझा हात धरला होता आणि ती हसत होती.

"हिला काही म्हणू नका, डॉक्टर," ती म्हणाली. "ही रोज सांगत होती. सकाळ-संध्याकाळ सांगत होती. मीच ऐकलं नाही."

डॉक्टरांनी मान हलवली आणि माझ्याकडे चांगल्या नजरेने पाहिलं, शिकलेली मुलगी आईसाठी किती करते अशा नजरेने. माय बोलली त्यात खोटं काहीच नव्हतं. मी रोज सांगत होते. तीन महिने, सकाळ-संध्याकाळ, सांगतच होते. माय, तू का खात नाहीस, एवढं मात्र त्या तीन महिन्यांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.